बैलगाडीवरचा उपग्रह

भारताच्या अवकाश-संशोधनाची गोष्ट निघाली की दोन छायाचित्रे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. पहिल्यात सायकलवरून अग्निबाणाचे निमुळते टोक नेले जात आहे. हे चित्र केरळातील थुंबा गावचे, १९६६ सालचे, आणि ते टिपणारा आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा जगद्विख्यात फ्रेंच छायाचित्रकार होता. दुसऱ्यात एक बैलगाडी आहे आणि तिच्या फळ्यांवर एक उपग्रह चढविलेला आहे. हे चित्र बंगळूरचे, १९८१ सालचे; त्या उपग्रहाचे नाव 'अ‍ॅपल'.

मी शाळामास्तर. मॅट्रिक झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पस्तीस-छत्तीस वर्षे मुलांना इतिहास व थोडेबहुत विज्ञान शिकविले. ही दोन्ही चित्रे मी वर्तमानपत्रांतून कापून एका पुठ्ठ्यावर चिकटविली होती आणि त्यांखाली सुवाच्य अक्षरांत 'गरिबीतून गगनाकडे' असे लिहिले होते. अनुप्रास बरा साधला होता आणि त्याचा मला अभिमान वाटे. एखादे यान आकाशात झेपावल्याची बातमी आली की मी त्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवून सांगे, "बाळांनो, आपल्या शास्त्रज्ञांकडे मोटार नव्हती, म्हणून त्यांनी उपग्रह बैलगाडीतून नेला. साधन नाही म्हणून माणूस अडत नाही." मुलांचे डोळे चमकत. एकदा तपासणीला आलेल्या निरीक्षकसाहेबांनीही समाधानाने मान डोलाविली. श्रोतेहो, माझ्या त्या वाक्याचा पूर्वार्ध खोटा होता. हे मला निवृत्तीनंतर कळले. आणि ते कसे कळले, तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

आमच्या नाशिकास व्याख्याने ऐकण्याची जुनी सवय आहे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय येथे आहे. उन्हाळ्यात गोदावरीच्या काठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. त्यामुळे येथील श्रोता तयारीचा आहे, आणि म्हणूनच थोडा निष्ठुरही आहे. वक्ता पाल्हाळ लावू लागला की दहाव्या मिनिटास मागच्या रांगेत चपलांची शोधाशोध सुरू होते. अशा ह्या शहरात तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी, अवकाश-संशोधनात आयुष्य घालविलेल्या दोन वृद्ध गृहस्थांचे भाषण ठरले. जागा लहानशीच होती. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेली काही मंडळी पुढच्या रांगेत येऊन बसली होती. हा कारखाना १९६४ साली निघाला. तेथे मिग विमाने तयार करण्यात ह्या लोकांची उमेद गेली, तेव्हा यंत्रांविषयी कोणी काही सैल बोलले तर ते खपवून घेण्यातले नव्हते. महाविद्यालयातली काही मुले होती, सात-आठ भगिनी होत्या आणि दिंडोरीकडचे एक द्राक्षबागाईतदार होते, ज्यांचा पुढे उल्लेख येईल.

वक्त्यांची नावे मी सांगत नाही. तशी त्यांनी विनंती केली नव्हती. परंतु दोघांनीही दीड तासात 'मी' हा शब्द इतक्या काटकसरीने वापरला की त्यांची नावे येथे जाहीर करणे मला अनुचित वाटते. दोघेही मराठी. एकांची सारी नोकरी तिरुवनंतपुरमला अग्निबाणाच्या इंधनाच्या कामात गेली. दुसऱ्यांची बंगळूरला, उपग्रहांच्या कामात. पहिले गृहस्थ बोलताना इंग्रजी शब्दांत अडकत आणि श्रोत्यांकडे पाहून विचारीत, "ह्याला आपल्याकडे काय म्हणतात हो?" मग ओझरचे कोणी तरी शब्द पुरवी. अशा रीतीने ते व्याख्यान अर्धे व्यासपीठावर आणि अर्धे पहिल्या रांगेत चालले होते.

आरंभी थुंब्याची हकीकत झाली. हे गाव निवडण्याचे कारण पुष्कळांना ठाऊक असते, पण ते अर्धवट ठाऊक असते. पृथ्वीच्या लोहचुंबकी विषुववृत्ताची रेषा थुंब्याच्या अगदी जवळून जाते, एवढे मी वर्गात सांगत असे. त्यापुढचे 'मग काय झाले?' हे मला कोणी विचारले नाही व मीही स्वतःस विचारले नव्हते. वक्त्यांनी ते उलगडून सांगितले. ह्या रेषेच्या वर, सुमारे शंभर ते एकशे दहा किलोमीटर उंचीवर, वातावरणात दिवसा विजेचा एक प्रवाह पूर्व-पश्चिम वाहत असतो. त्याचा अभ्यास करावयाचा तर उपकरण तेथे पोहोचले पाहिजे. फुगा सोडावा तर तो तीस-चाळीस किलोमीटरांच्या पलीकडे चढत नाही; उपग्रह तितक्या खाली उतरून टिकत नाही, हवेच्या घर्षणाने जळून जातो. म्हणजे मधला एक पट्टा असा उरतो की जेथे फक्त लहानसा अग्निबाणच काही मिनिटे जाऊन येऊ शकतो. पडवीतल्या माळ्यासारखे म्हणा. जमिनीवरून हात पुरत नाही आणि छपरावरून वाकताही येत नाही. त्या काही मिनिटांसाठी थुंबा.

जागेची पाहणी विक्रम साराभाईंनी केली, आणि त्यांच्याबरोबर ह्या कामी हिंडणाऱ्यांत आपले एकनाथ चिटणीस होते. चिटणीस मूळचे कोल्हापूरचे, जन्म १९२५ चा. १९६२ साली अवकाश-संशोधनासाठी देशाची पहिली राष्ट्रीय समिती नेमली गेली, तिचे ते सदस्य-सचिव झाले. पुढे पूर्व किनाऱ्यावर श्रीहरिकोट्याची जागा हुडकण्यातही त्यांचा वाटा मोठा आहे. १९७५-७६ साली सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा जो वर्षभराचा प्रयोग झाला, त्याचे व्यवस्थापन त्यांच्याकडे होते. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. प्रयोग चालविणारा मात्र महाराष्ट्राचा होता, आणि तरीही आमच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव मला शोधून सापडले नाही. असो.

थुंब्याच्या किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती होती आणि सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा ह्यांनी आपल्या लोकांची समजूत घातली आणि ती जागा संशोधनास मिळाली. चर्चमध्ये कचेरी थाटली गेली. ही कथा सांगताना सर्वजण साराभाईंचे व बिशपांचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे, परंतु वक्ते म्हणाले, "घर सोडून गेले ते कोळी. त्यांच्या घरांची आम्ही कार्यशाळा केली. चर्चचा फोटो सर्वांनी पाहिला आहे, त्या घरांचा कोणी काढला नाही." हे बोलताना त्यांचा आवाज चढला नाही. सभा मात्र काही क्षण अगदी निःशब्द झाली.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी थुंब्याहून पहिला अग्निबाण सुटला. तो अमेरिकन बनावटीचा 'नाइके-अपाची' होता. त्याच्या टोकात फ्रान्सने दिलेले सोडियमच्या वाफेचे उपकरण होते. आणि त्या केंद्राला रशियाचीही मदत होती. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिका आणि रशिया ह्यांना एका कोळीवाड्यात एकत्र आणून बसविले, ही साराभाईंची करामत माझ्या मते अग्निबाण उडविण्यापेक्षा लहान नव्हे. बाण दोनशे किलोमीटरांच्या वर गेला आणि सोडियमचा नारिंगी ढग मावळतीनंतरच्या आकाशात पसरला. त्या ढगाच्या सरकण्यावरून वरच्या वाऱ्यांची गती मोजावयाची होती. पहिल्या तुकडीत अमेरिकेहून प्रशिक्षण घेऊन आलेले जे तरुण अभियंते होते, त्यांत अब्दुल कलाम होते आणि आपल्या पुण्याचे प्रमोद काळेही होते.

येथे मी धीर करून सायकलच्या चित्राविषयी विचारले. वक्ते हसले. "ते चित्र खरे आहे आणि त्याचे कारणही तुम्ही समजता तेच आहे. वाहने मोजकी होती, अंतर थोडे होते, आणि ते टोक हलके होते. सायकलीवर ठेवून नेले. आम्हांला त्यात काही विशेष वाटले नाही. फोटो काढणाऱ्याला वाटले." माझ्या पुठ्ठ्याचा अर्धा भाग अशा रीतीने प्रमाणित झाला आणि मी समाधानाने खाली बसलो.

ह्यानंतर ते आपल्या खास विषयाकडे, म्हणजे इंधनाकडे, वळले आणि आमच्या आयाबहिणींस जे व्याख्यान कंटाळवाणे व्हावयाचे, तेच त्यांना सर्वांत जवळचे वाटले. कारण त्यांनी सरळ वडीचा दृष्टान्त घेतला. घन इंधनात ज्वलनास लागणारा प्राणवायू पुरविणारा एक क्षार असतो, अ‍ॅल्युमिनियमची पूड असते आणि ह्या दोहोंस धरून ठेवणारा रबरासारखा चिकट पदार्थ असतो. हे सारे एकजीव होईतो घोटावयाचे, अग्निबाणाच्या नळकांड्यात ओतावयाचे आणि मंद आचेवर दिवसचे दिवस जमू द्यावयाचे. पाकाची वडी थापताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर वडी फुटते, एवढेच. येथे बुडबुडा राहिला किंवा कोठे केसाएवढी भेग पडली तर जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, दाब वाढतो आणि नळकांडे फुटते. शिवाय हे इंधन एकदा पेटले की विझविता येत नाही. नळकांड्याच्या मध्यभागी एक पोकळी ठेवलेली असते आणि आग त्या पोकळीच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूस खात जाते. पोकळी वाटोळी ठेवावी की चांदणीच्या आकाराची, ह्यावर कोणत्या क्षणी किती जोर मिळेल ते ठरते. म्हणजे बाण कसा उडणार, हे इंधन ओततानाच ठरून गेलेले असते. वर गेल्यावर कान पिळावयाची सोय नाही.

ही विद्या आपल्याकडे रुजविणाऱ्यांत वसंत गोवारीकरांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १९३३ साली पुण्यास जन्मलेला हा माणूस बर्मिंगहॅम विद्यापीठात रसायन-अभियांत्रिकी शिकला आणि इंग्लंडातील बरी नोकरी सोडून १९६७ साली थुंब्यास आला. तेव्हा तेथे होते काय? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 'रोहिणी-७५' नावाचा पहिला देशी बाण उडाला, त्याचा व्यास ७५ मिलिमीटर, म्हणजे पुरती मूठही मावावयाची नाही. त्यानंतर तेरा वर्षांनी उपग्रह घेऊन जाणाऱ्या 'एस. एल. व्ही.-३' ह्या बाणाच्या पहिल्या टप्प्याचा व्यास एक मीटर होता आणि त्यात आठ टनांहून अधिक इंधन ओतलेले होते. ह्या दोन आकड्यांच्या मधले सारे वडी थापण्याचे काम आहे. गोवारीकर १९७९ ते १९८५ तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. अग्निबाणांची पोलादी कवचे तयार करण्याचे काम तर आपल्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला झाले. साखर कारखान्यांची यंत्रे करणारे हात ह्या कामास लागले. 'बाण' हा शब्दही मराठ्यांच्या कागदपत्रांत दारूच्या अग्निबाणासाठीच येतो. तेव्हा 'रॉकेट'ला मराठी शब्द काय, हे आम्ही वक्त्यांना सांगण्यापूर्वीच आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले होते.

एस. एल. व्ही.-३ चे पहिले उड्डाण फसले, त्याची हकीकत वक्त्यांनी फार प्रांजळपणे सांगितली. सांगताना त्यांच्या तोंडून "१९७९ चा जुलै" असे गेले. तेव्हा शेजारी बसलेले बंगळूरकर हळूच म्हणाले, "ऑगस्ट. दहा तारीख. जुलैत, अठरा तारखेला, यशस्वी झाले ते पुढच्या वर्षी." सभेत हशा पिकला. वक्ते म्हणाले, "पडल्याची तारीख विसरलो, हे वयाने केलेले एक बरे काम." मला मात्र तो प्रसंग महत्त्वाचा वाटला. प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाची स्मृतीही तारखांच्या बाबतीत घसरते. परंतु दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतली झडप अडकून राहिली, तिच्यातून नायट्रिक अ‍ॅसिड गळून गेले, बाणाला सुकाणू उरले नाही आणि तीनशे सतरा सेकंदांनी तो बंगालच्या उपसागरात पडला, ह्यातल्या एकाही कडीत त्यांचे पाऊल चुकले नाही. तारीख कागदावर सापडते. एक झडप मिटली नाही म्हणून सतरा टनांचे यंत्र समुद्रात जाते आणि ते पाहणाऱ्यांना त्या रात्री जेवण जात नाही, हे कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. पुढच्या वर्षीच्या १८ जुलैस त्याच जातीच्या बाणाने पस्तीस किलोग्रॅम वजनाचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेऊन सोडला.

आता दुसरे गृहस्थ उठले. ते मितभाषी होते. त्यांनी आरंभीच विचारले, "बैलगाडीचा फोटो कोणी कोणी पाहिला आहे?" बहुतेक सर्व हात वर झाले. "उपग्रह बैलगाडीवर का ठेवला असेल?" मी शिक्षक असल्याने माझा हात सवयीने सर्वांआधी वर गेला आणि मी माझे पाठ उत्तर दिले: मोटार नव्हती म्हणून. ते म्हणाले, "गुरुजी, आमच्याकडे मोटारी होत्या. त्या अडचणीच्या होत्या, म्हणून बैलगाडी आणली."

श्रोतेहो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली असेल ती आपण ताडावी. त्यांनी सांगितलेले स्पष्टीकरण मी माझ्या शब्दांत देतो. 'अ‍ॅपल' हा भारताचा पहिला असा संदेशवहन-उपग्रह होता की जो ३६,००० किलोमीटर उंचीवर राहून, पृथ्वीच्याच गतीने फिरत, आकाशात एका जागी स्थिर दिसावयाचा होता. युरोपच्या 'आरियान' बाणाची चाचणी-उड्डाणे चालली होती आणि त्यांत एखादा उतारू फुकट नेण्यास ते लोक तयार होते. म्हणून भारताने हा सुमारे ६७० किलोग्रॅमचा उतारू सिद्ध केला. आधीच्या, म्हणजे दुसऱ्या, चाचणीत आरियान कोसळले होते. पण फुकटच्या गाडीत जागा मिळत असता गाडी जुनी की नवी हे कोण पाहतो? आरियान उपग्रहाला लांबट कक्षेत सोडून देणार आणि तेथून पुढे त्याला योग्य जागी चढविणारी मोटार आपलीच असणार होती. ती मोटार एस. एल. व्ही.-३ च्या चौथ्या टप्प्यावरून बेतलेली होती. म्हणजे पहिल्या वक्त्यांची वडी दुसऱ्या वक्त्यांच्या उपग्रहाच्या पोटात बसली होती. ती पेटविण्याची आज्ञा जमिनीवरून बिनतारी लहरींनी द्यावयाची. आज्ञा पोहोचली नाही तर सारेच गेले. आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीत नेमका ह्याच संदेशमार्गात अडथळा दिसू लागला.

अडथळा उपग्रहाचा की भोवतालचा? हे कळावयास उपग्रह इमारतीच्या भिंतींपासून दूर, मोकळ्या मैदानात नेऊन त्याच्या अँटेनाची परीक्षा घेणे प्राप्त होते. तो ट्रकवर ठेवला तर ट्रकचा पत्रा व सांगाडा लहरी परावर्तित करून आणखी घोटाळा करणार. आपल्या घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो लोखंडी कपाटाला चिकटवून ठेवून पाहा. आज मी जे बोलत आहे ते कदाचित अर्धेच ऐकू येईल, आणि काही श्रोत्यांना तेच सोयीचेही वाटेल. तेव्हा धातूचा पसारा नसलेले, उघडे, उपग्रहाचा भार सोसणारे आणि मैदानात हवे तेथे फिरविता येणारे वाहन पाहिजे होते. असे वाहन हिंदुस्थानात हजारो वर्षांपासून तयार होते. गाडी भाड्याने आणली गेली, उपग्रह तिच्यावर चढला, परीक्षा झाली.

येथे दिंडोरीचे बागाईतदार उभे राहिले. ते म्हणाले, "साहेब, गाडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची धाव असते, आसही लोखंडाचा असतो. मग लोखंड नाही कसे म्हणता?" हा प्रश्न मला सुचावयास हवा होता, पण माझा बैलगाडीशी संबंध चित्रापुरताच राहिला आहे. वक्त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "बरोबर धरलेत. लोखंड मुळीच नसावे असा प्रश्न नव्हता. ते किती आहे, कोठे आहे आणि अँटेनाच्या समोर केवढा पत्रा येतो, हा प्रश्न होता. गाडीतले लोखंड थोडे, आणि ते खाली. मोटार म्हणजे सगळाच पत्रा." बागाईतदार खाली बसले, परंतु "मग बरोबर" असे त्यांनी सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. त्या संध्याकाळी वक्त्यांना मिळालेले हे सर्वांत मोठे प्रमाणपत्र असावे. ओझरच्या मंडळींनीही माना हलविल्या.

१९ जून १९८१ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून अ‍ॅपल उडाला. मोटार आज्ञेप्रमाणे पेटली आणि उपग्रह आपल्या जागी गेला. परंतु त्याचा एक सौर पंख उघडलाच नाही. निम्म्या विजेवर आणि बिघडलेल्या समतोलावर तो चालवावयाचा, म्हणजे जमिनीवरून पदोपदी आज्ञा देणे आले. त्याला कोणत्या बाजूस वळवावयाचे, काय केव्हा बंद ठेवावयाचे, हे सारे लहरींवरून सांगितले गेले आणि असा एका पंखाचा उपग्रह सुमारे सव्वादोन वर्षे राबला. वक्ते एवढेच म्हणाले, "तो ऐकत होता, म्हणून जगला." मला त्या क्षणी पुन्हा ती गाडी आठवली.

घरी येऊन मी पुठ्ठा काढला. दोन चित्रे शेजारी शेजारी, एकाच मथळ्याखाली, मीच चिकटविलेली. एकात साधन नाही म्हणून सायकल आहे. दुसऱ्यात साधने असून त्यांतून नेमके योग्य ते निवडले आहे. दिसावयास दोन्ही सारखी, आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध. गरिबीच्या कथेचा आपल्याला एक प्रकारचा मोह असतो, हे मी स्वतःवरून सांगतो. तीत कष्ट दिसतात, डोळे पाणावतात आणि विचार करावा लागत नाही. बंगळूरच्या अभियंत्यांनी मोठ्या बुद्धीने केलेली निवड मी मुलांपुढे लाचारी म्हणून मांडली, तीही कौतुकाच्या स्वरात. परदेशच्या एखाद्या व्यंगचित्रकाराने बैलगाडी काढून आपली थट्टा केली तर आपण संतापतो. पुठ्ठ्यावर मी ह्याहून निराळे काय केले होते?

आणि हे मला कळले ते एका मनुष्याने समोर उभे राहून सांगितले म्हणून. चित्राखाली कारण लिहिलेले नसते. ते ज्यांना ठाऊक होते, ती पिढी आता भराभर उठून चालली आहे. गोवारीकर २०१५ च्या जानेवारीत गेले. ते मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष होते आणि मराठीत विज्ञान सांगण्याची त्यांना हौस होती. त्यामुळे त्यांचे काही तरी आपल्यापाशी उरले आहे. चिटणीस शंभर वर्षांचे होऊन २०२५ च्या ऑक्टोबरात पुण्यास निवर्तले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भूमीवर उतरले, तेव्हा थुंब्याच्या वाळूत जागा शोधीत हिंडलेला हा माणूस हयात होता. नाशिकच्या त्या संध्याकाळी सभेत कोणी ध्वनिमुद्रणाची व्यवस्था केली नव्हती. खिशात तसले यंत्र प्रत्येकाच्या होते. पण त्याचा उपयोग बहुतेकांनी वक्त्यांबरोबर छायाचित्र काढून घेण्यापुरता केला. मी रात्री बसून आठवले तेवढे आठ पाने लिहून काढले, आणि तारखा व आकडे दुसऱ्या दिवसापासून वाचनालयात जाऊन ताडून पाहिले. जुलै-ऑगस्टचा तो प्रसंग माझ्या लक्षात राहिला होता.

पुठ्ठ्यावरचा मथळा मी खोडला आहे; नवा अद्याप सुचलेला नाही. परंतु वर्गातून बाहेर पडलेली मुले खोडता येत नाहीत. माझा एक जुना विद्यार्थी सिडकोत राहतो व अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस आहे. त्याला मी ही हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, घोटाळा झाला. गेल्याच आठवड्यात मी आमच्या चिरंजिवांना तुमचीच गोष्ट सांगितली." मग एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या दहा वर्षांच्या मुलाला जवळ बसवून घेतले आणि कपाट, ट्रान्झिस्टर, मैदान, धाव, आस, सारे यथासांग समजावून दिले. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "पण आजोबा, एवढा महाग उपग्रह गाडीवर असताना बैल बुजले असते तर?"

नाशिकच्या सभेत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता.